माळशेंद्र्याच्या दीपमाळेचा पाचवा थर

देवळासमोरची ही दीपमाळ नीट पाहा. इतर गावांतल्यासारखी वर निमुळती होत गेलेली नाही. खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचा अष्टकोनी खांब, अकरा थरांचा. त्यातला पाचवा थर तेवढा दोन बोटे उजवीकडे सरकलेला आहे. पाहुणे हसतात. हसू द्यावे. आम्ही पाहुण्यांना मुद्दाम तोच दाखवतो.

असे सांगतात की, हे काम रखमाजी पाथरवटाने घेतले होते. तीन थर झाले आणि तो तापाने गेला. त्याची बायको सगुणाआक्का जन्मभर त्याच्या बरोबरीने दगड घडवत आलेली. तिने दहावे-तेरावे उरकले आणि छिन्नी हातात घेतली. पाटील म्हणाले, "आक्का, त्रिपुरी पौर्णिमेला खांब सरळ उभा दिसला, तर देवळाच्या कामाचा मान तुझ्या घरात राहील. न्हाईतर बाहेरचे पाथरवट आणावे लागतील." तिच्या घरात सात पिढ्यांचा तो मान. दुसरे काही नव्हतेच.

चौथा थर चढला आणि गाव जमले. आमच्या गावात पाणी दोनदा आटले, सल्ला कधी आटला नाही.

"आक्का, डावीकडं कललाय गं," गुरव म्हणाला.

"कललाय म्हंजे? पडतोय!" दुसरा म्हणाला. त्याने जन्मात गोठाही बांधला नव्हता.

आक्काने ओळंबा सोडून पाहिला. दोरी चारही थरांना चिकटून सरळ उतरली. पण गाव रोज येई आणि रोज तेच सांगे. सोळाव्या दिवशी तिचा धीर सुटला. तिने पाचवा थर दोन बोटे उजवीकडे बसवला. गाव खूश झाले, कोणी गूळही वाटला म्हणे.

सकाळी तिने पुन्हा ओळंबा सोडला. दोरी त्या थराला अडून बाहेर ढकलली गेली. मग तिने सहावा थर परत दोरीवर आणला. गुरव ओरडला, "अगं, पुन्हा वाकडं!"

आक्का एकदाच बोलली. "पाचवा थर तुमचा झाला, बाबांनो. उरलेले माझे." त्यानंतर खांब पुरा होईपर्यंत तिने ना मान वळवली, ना कोणाला उत्तर दिले. लोकांनी टोमणे मारले, रडूनही पाहिले. ती दोरीकडे पाहत राहिली.

पौर्णिमेला पाटील आले. खांब त्यांनाही वाकडाच दिसला. आक्काने ओळंबा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्हीच बघा." पाटील माळेवर चढले. त्या दिवशी वारा सुटला होता, तरी दोरी हलली नाही म्हणे. पाचव्याला बगल देऊन लावलेली दोरी वरपासून खालपर्यंत दहाही थरांना चिकटून उतरली.

"मग वाकडा का दिसतो?" पाटलांनी विचारले.

"आता भिंतीला लावा."

दीपमाळेमागची देवळाची भिंत वीतभर उजवीकडे झुकलेली निघाली. तिच्याशी ताडून पाहिल्यावर सरळ खांब डावीकडे कललेला दिसणारच. देवाची भिंत वाकडी असेल, अशी शंका घेण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. पाटील खाली उतरले आणि त्यांनी ओळंबा दोन्ही हातांनी आक्काला परत केला. मान तिच्या घरात राहिला. पाचवा थर काढून नीट बसव, असे ते म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या, मालक. माझ्या नजरेसमोर राहू द्या."

आजही त्रिपुरी पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी आक्काच्या घरातली एक बाई पणत्या लावत वर चढते. चार थरांपर्यंत तिला सल्ला देण्याचा सगळ्या गावाला अधिकार आहे आणि गाव तो मनापासून बजावते. पाचव्या थराशी पाटलांच्या घरचे कोणीतरी गावाच्या वतीने म्हणते, "हा थर आमचा." मग सगळे गप्प. शेवटची पणती लागेपर्यंत कोणी शब्द काढत नाही, आणि ती मागे वळत नाही.

गेल्या वर्षी आठव्या थराला माझ्या खिशातला फोन वाजला, चांगला मोठ्याने. सगळे गाव वळून माझ्याकडे पाहू लागले. वरच्या पोरीने पाहिले नाही.