केरपेटीचा तळ

एका राज्यात केराला घर सोडवत नव्हते. राज्य मोठे, राजा धीरसेन शूर, कोठारे भरलेली. आणि राजवाड्याबाहेर टाकलेली प्रत्येक वस्तू दिवेलागणीला आपल्या जागी परत. दासीने फुटका घडा वेशीबाहेर फेकावा, संध्याकाळी तो मुदपाकखान्याच्या कोपऱ्यात तसाच फुटका बसलेला. भाजीची देठे, विझलेल्या वाती, तुटक्या वहाणा, सगळे माघारी. पुरले तर जमिनीतून येई, जाळले तर राख येई. दरबाराच्या पायऱ्या कधीच दिसेनाशा झाल्या होत्या. प्रधानजी ढिगावरून चढत आपल्या आसनाशी पोचत, आणि ते देहाने भारदस्त असल्यामुळे दरबार नेहमी उशिरा भरे.

हे कशामुळे झाले, ते सर्वांना ठाऊक होते. राणी वारली, तिचे दिवस झाले, आणि राजाने दारुकनाथ नावाच्या मांत्रिकाला बोलावून वर मागितला, "यापुढे माझ्या घरातून काहीही जाऊ नये." दारुकनाथ म्हणाला, विचार करून माग. शोकात विचार कोण करतो? वर मिळाला, आणि त्याचा शाप व्हायला फार वेळ लागला नाही.

राजाला एकच मुलगी, हेमकला. केराचे तिला एवढे काही वाटत नसे. तिचे दुःख वेगळे होते, कारण तीही त्या घरातलीच. नदीपल्याडच्या डोंगरामागे कोण राहते, समुद्र खरोखर खारट असतो का, हे तिला स्वतः जाऊन पाहायचे होते. पहाटे ती घोड्यावर मांड ठोकून दौडत सुटे. दिवे लागले, की असेल तिथून उचलली जाऊन आपल्या मंचकावर येऊन पडे, आणि घोडा तबेल्यात. एका दिवसात घोडा जाईल तेवढेच जग तिच्या वाट्याला आले होते, आणि ते तिचे पाहून संपले होते.

शेवटी तिने दारुकनाथाची गुहा गाठली आणि शाप कसा सुटेल ते विचारले.

"घरासाठी एक लहानशी लाकडी केरपेटी कर," मांत्रिक म्हणाला. "स्वतःच्या हाताने. तिच्यातून गेलेला केर परतणार नाही. केराला वाट मिळाली, की माणसांनाही मिळेल."

अटी तीन होत्या. चार बाजूंच्या फळ्या झाडाने आपणहून टाकलेल्या लाकडाच्या हव्यात. खिळे लोखंडाचे नकोत, बांबूच्या खुंट्या हव्यात, आणि तो बांबू बसून राहिलेल्याने उभे राहून दिलेला हवा. तळाची फळी मात्र घरातल्याच वस्तूची हवी, जी कोणा एकाला सोडवत नव्हती आणि तरीही त्याने सोडली.

हेमकलेने विचारले, केर डोंगराएवढा आणि पेटी लहानशी का? मोठी केलीस तर ती भरेपर्यंत कोणी उठणार नाही, तो म्हणाला. झाकण करू का? झाकण आले की तिची तिजोरी झाली. मग तुमची दाढी हिरवी का? यावर दारुकनाथाने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी ती टेकडीवरच्या जुन्या शिवणीच्या झाडाखाली गेली. एक वाळकी फांदी वर लोंबत होती आणि तिच्यावर सुतारपक्षी टकटक करीत होता.

"कुऱ्हाड आणलीस?" पक्ष्याने विचारले.

"नाही."

"मग बस, आणि काहीतरी सांग. हे झाड जन्मापासून एका जागी उभे आहे. त्याला बातम्यांची फार हौस."

एका जागी अडकून पडणे म्हणजे काय, हे हेमकलेला कोणी समजावायला नको होते. तिने पाहिलेले सगळे जग झाडाला सांगितले: नदीतली भोवऱ्याची जागा, उलटी चालणारी बकरी, मिशीला गाठ मारणारा नावाडी. नावाड्यापाशी झाडाला हसू आवरेना. ते मुळापासून हलले, आणि फांदी खाली आली.

सुतारपक्षी तिच्यासोबत निघाला. राजवाड्याच्या खिडकीबाहेरच्या फांदीवर बसून तो तिला करवत आणि रंधा धरायला शिकवू लागला. आत मात्र येईना. आत आलो तर इथलाच होईन, म्हणाला. हेमकलेच्या बोटांना फोड आले, पहिली फळी वाकडी कापली गेली, दुसरी तिच्याहून वाकडी. पक्ष्याने तोंडदेखलेही कौतुक केले नाही.

मग ती दरीतल्या राक्षसाकडे गेली. तो सोन्याच्या राशीवर बसलेला होता. उठला की सोन्याचे खडे होतील असा त्याला शाप होता, म्हणून तो उठतच नसे. हातात कावळे हाकायचा लांब बांबू.

बांबू मागायला गेलेली हेमकला भलतेच विचारून बसली. "राशीच्या तळाशी काय आहे?"

राक्षस गोंधळला. त्याला आठवेना. दोघे कडेने उकरू लागले, आणि उकरता उकरता दिवे लागले. हेमकला मंचकावर येऊन पडली. दिवस फुकट गेला म्हणून ती स्वतःवरच चिडली. पण राशीच्या तळाशी काय असेल, या विचाराने तिला झोप लागेना.

सकाळी ती पोचली तेव्हा राक्षस आपणहून उकरत होता. तळाशी त्याच्या लहानपणीचा लाकडी भोवरा निघाला. तो पाहताच राक्षस ताडकन उठला आणि सपाट जागा शोधायला धावला. मागे सोन्याचे खडे झाले, तिकडे त्याने वळूनही पाहिले नाही. भोवरा फिरवायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून बांबू त्याने तिला देऊन टाकला.

पेटीच्या चारी बाजू उभ्या राहिल्या, वर रुंद, खाली निमुळत्या. खुंट्या घट्ट बसल्या. तळ मात्र टिकेना. हेमकलेने आपला पाळणा तोडून फळी बसवली, ती निखळली. प्रधानजींनी आपला जुना चौरंग मोठ्या मनाने दिला, तोही निखळला. त्यांना तो नकोच होता.

दुपारी ती राजासोबत जेवायला बसली. राजाशेजारी रोजच्यासारखा राणीचा पाट मांडलेला होता, चांदीच्या फुलांचा, पुढे वाढलेले ताट. हेमकलेची नजर पाटावर थांबली. राजाने ते पाहिले, आणि त्याचा घास हातातच राहिला.

"तो नाही," राजा म्हणाला.

"तात, मी रोज परत येते. तुम्हाला त्याचा आनंद होतो?"

"तू जातेस कुठे, म्हणून आनंद व्हावा?"

"तेच मला सांगायचे होते."

"पेटी झाली की तू जाशील."

"जाईन."

"आणि परत?"

"येईन. त्या वेळी मी येईन, तात. शाप मला आणणार नाही."

राजा उठला. त्याने पाट उचलला, छातीशी धरला आणि सर्वांदेखत रडला. मग करवत मागून घेतली. चांदीची फुले काढून त्याने मुलीच्या हातात दिली आणि स्वतः पाट कापला. हेमकलेने फळी खाचेत अशी बसवली, की पक्ष्यालाही नाव ठेवायला जागा उरली नाही.

खाली भुसा पडला होता. राजाने तो ओंजळीने गोळा करून केरपेटीत टाकला. तोच तिच्यातला पहिला केर. हेमकलेने पेटी वेशीबाहेर नेऊन रिकामी केली, आणि दिवे लागले तेव्हा सारा राजवाडा जमिनीकडे पाहत बसला. भुसा आला नाही.

पुढे पेटी भरायची आणि ओतायची, भरायची आणि ओतायची, असे चालले. पायऱ्या दिसू लागल्या. प्रधानजी वेळेवर येऊ लागले, त्यामुळे इतरांनाही यावे लागले.

हेमकला एका पहाटे निघाली. त्या संध्याकाळी राजा तिच्या मंचकाशी जाऊन बसला. दिवे लागले. मंचक रिकामाच राहिला. राजाला घर खायला उठले. मग कोपऱ्यातली केरपेटी भरलेली दिसली, तेव्हा तो उठला आणि स्वतः ती बाहेर ओतून आला. तसे तो रोज करू लागला.

ऋतू उलटले. एके दिवशी राजा जेवायला बसत होता, तोच अंगणात टापा वाजल्या. हेमकला दारात उभी होती, उन्हाने रापलेली. केसांत मिठाचे कण होते.

"खारटच असतो," ती म्हणाली.

राजाने आपल्या हाताने शेजारी पाट मांडला. दुपारची वेळ होती. दिवे लागायला अजून पुष्कळ अवकाश होता.