ग्रंथशाळा आणि चावडीची भिंत

फार पूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक ग्रंथशाळा होती. दूरदूरचे लोक तिथे पोथ्या वाचायला येत. शाळेचे प्रमुख होते एक वृद्ध गुरुजी. पोथीचं पान ते इतक्या हलक्या हाताने उलटत, जणू तान्ह्या बाळाची कूस बदलतायत.

त्याच गावात येसाक्का नावाची सुईण राहायची. चावडीच्या भिंतीवर तिने एक नवंच काम मांडलं होतं. रानातला पाला, कंद, ज्याला जे ठाऊक असेल त्याने त्याचं गेरूने चित्र काढायचं आणि गुण सांगायचा. ज्याला अक्षर येत नसेल, त्याचं बोलणं शेजारचा लिहून देई. चूक दिसली, तर दुसरा कुणी बाजूलाच दुरुस्ती करी. धनगर, कोळी, लेकुरवाळ्या बाया, सगळे तिथे जमत. कधी कडाकडा भांडतसुद्धा.

पण दर पावसाळ्यात अर्धी भिंत धुऊन जाई. येसाक्काही आता थकली होती. एके दिवशी ती ग्रंथशाळेत आली.

"गुरुजी, माझ्यामागं ह्याला कोण बघंल? तुम्हीच पदरात घ्या."

शिष्यांत लगेच दोन तट पडले. "घेऊ या, शाळेचं नाव होईल," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "नको, त्यातल्या चुका आपल्या माथी येतील." गुरुजींना मात्र येसाक्काचे गेरूने माखलेले, सुरकुतलेले हात दिसत होते. "येऊ दे आमच्याकडे," ते म्हणाले.

शिष्यांनी शाळेच्या दालनातल्या भिंतीवर सारी चित्रं सुंदर रेखाटली, वळणदार अक्षरात गुण लिहिले. नवं काही लिहायचं तर आधी शिष्यांना विचारायचं, असा नियमही झाला. लोक येत, चपला बाहेर काढत, हात जोडत आणि निघून जात. नवं कुणीच काही लिहीना. गुरुजींना वाटलं, लोकांना केवढा आदर आहे!

मग एका दुपारी एक आई लेकराला कवटाळून धावत शाळेत आली. दालनातल्या भिंतीवर वाचून तिने कडू करांद्याचा रानकंद उकडून खाऊ घातला होता. पोर ओकून ओकून मलूल झालं होतं. निरोप मिळताच आलेल्या येसाक्काने त्याला मांडीवर घेतलं, थेंब थेंब पाणी पाजत राहिली. गुरुजी शेजारी बसून होते. त्यांना आपल्याच दालनाकडे बघवेना. दिवेलागणीला पोराने डोळे उघडले, "आई" म्हणालं, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

दाराशी एक धनगरीण रडत उभी होती. "उकडून भागत न्हाई, गुरुजी. मग वाहत्या पाण्यात रातभर ठेवावा लागतो. मला ठावं होतं."

"मग सांगितलं का नाहीस, बाई?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"चावडीवर असतं तर तिथल्या तिथं सांगितलं असतं. हितं देवळात आल्यावानी वाटतं. भिंतीला हात लावायचं भ्या वाटलं."

गुरुजी येसाक्काकडे वळले. म्हणाले, "येसाक्का, तुझं काम मी परत करतोय."

तिचा चेहरा उतरला. "टाकलंत आम्हाला?"

"नाही गं. आमच्या पोथीतलं एक अक्षर हलू नये, म्हणून आम्ही जपतो. तुझी भिंत मात्र हात लागला तरच जगते. माझ्याकडे ती परक्याच्या घरी आल्यासारखी अंग चोरून बसलीय."

शाळेवर नवी माडी चढवायची म्हणून सागवान आणून ठेवलं होतं. गुरुजींनी त्याचं चावडीला रुंद छप्पर घालून दिलं. शिष्यांनी दरवर्षी भिंतीची नक्कल उतरवून शाळेत जपायची, एवढंच ठरलं. धनगरीण येसाक्काच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आक्का, आता मी येत जाईन. तुझ्यामागं भिंतीकडं मी बघीन." पुन्हा माणसं जमली. पुन्हा भांडणं झाली.

एके संध्याकाळी गुरुजी स्वतः गेरू घेऊन आले. त्यांनी अडुळसा काढला आणि खाली लिहिलं, "खोकल्याला पानांचा रस मधातून. आई देत असे."

दुसऱ्या दिवशी बघतात तर शेजारी वेडंवाकडं लिहिलेलं, "पानं आधी वाफवा, मग रस सुटतो."

गुरुजींनी ते दोनदा वाचलं. मग शिष्याच्या खांद्यावर हात ठेवून लहान मुलासारखे हसले. "बघ, आता मीही इथलाच झालो."

तात्पर्य: दुसऱ्याचं चांगलं काम आपल्या नावाखाली घेण्याआधी, आपल्याकडे ते जगेल का हे पाहावं. जगणार नसेल, तर मालक होऊ नये, शेजारी व्हावं.