जाळ्याचा वाटा

फार पूर्वी समुद्रकाठच्या एका गावात साऱ्यांचं मिळून एकच मोठं जाळं होतं. प्रत्येक घराने आपला तुकडा विणून आणला होता आणि ते जोडून जाळं झालं होतं. ज्याचा जेवढा तुकडा, तेवढा त्याचा मासळीत वाटा. भामाकाकीचा नवरा वारला होता, पण त्याचा तुकडा जाळ्यात होता. म्हणून तिची टोपलीही वाळूवर मानाने बसायची.

एका वर्षी बांगडा असा लागला, की गाव नुसतं खूश. वाट्याची मासळी सुकवून विकायची आणि लेकीचं लग्न उरकायचं, असं भामाकाकीने मनाशी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात जाळ्याचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, म्हणाला की वीण विरली आहे. अर्धी मासळी वाटू आणि अर्धी विकून नवं सूत घेऊ. झालं, लोकांची तोंडं वाकडी झाली. हात वर करून पाहिले, तर दोन्ही बाजू सारख्याच. फक्त भामाकाकीचा हात पदराखाली होता.

लेकीचं लग्न तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिने नवऱ्याचा तुकडा उचलून पाहिला, तर तिचा अख्खा हात आरपार गेला.

"जाळ्यालाही वाटा द्या," ती म्हणाली. "पण तांडेलमामा, सूत सगळ्यांसमोर विणायचं."

लग्न लांबलं. लेक चार दिवस आईशी धड बोलली नाही.

पुढच्या हंगामात मासळीचा लोंढाच आला. शेजारचं गाव दरवर्षी सगळी मासळी वाटून मोकळं व्हायचं. त्यांचं जाळं ओढतानाच फाटलं. या गावाचं जाळं मात्र ताणलं, करकरलं आणि टिकलं. वाळूवर टोपल्या पुरेनात.

तांडेलाला आता चटकच लागली. यंदाही अर्धी ठेवू, असू दे अडीअडचणीला, असं तो म्हणू लागला.

"कुठे विरलंय ते दाखवा," भामाकाकी म्हणाली.

तांडेलाने जाळं उलटंपालटं केलं. दाखवण्यासारखं काही सापडेना.

"मग जाळं पोटभर जेवलंय, मामा. आता माणसांना वाढा."

तांडेल ओशाळून हसला आणि त्याने सगळी मासळी वाटली. लेकीच्या लग्नात भामाकाकीने त्यालाच सर्वांत आधी पानावर बसवलं.

तात्पर्य: सगळा नफा वाटला तर धंदा उपाशी राहतो आणि उगाच राखला तर मालक. म्हणून राखणाऱ्याला कशासाठी ते विचारावं आणि गरज भागली की आपला वाटा हक्काने मागावा.