एकट्यानं येऊन बोला

दाट धुक्यात विमान सोडायच्या कागदावर सही नाकारली, म्हणून कंपनीनं डिस्पॅचर धारपांना घरी बसवलं. मग त्यांची सहकारी मृदुला कर्णिक हिनं युनियनसाठी सगळ्या डिस्पॅचरांच्या सह्या गोळा केल्या. संचालक सरंजाम्यांनी तिला लगेच केबिनमध्ये बोलावलं.

"युनियन आली की बढती ज्येष्ठतेनं मिळते, बाई. तुमच्यासारखी हुशार माणसं रांगेत कुजतात," ते गोड आवाजात म्हणाले. "त्यापेक्षा मनात असेल ते एकट्यानं येऊन बोला. आपण एकाच घरातले."

रांगेचं म्हणणं खरं होतं, हे मृदुलाला कळत होतं. तिनं सरंजाम्यांच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या वकिलांकडे पाहिलं.

"एकट्यानं बोलणं इतकं सोपं असेल, साहेब, तर आधी या दोघांना बाहेर पाठवा. मग बोलू."

वकील जागचे हलले नाहीत. सरंजाम्यांनीही त्यांना उठा म्हटलं नाही. मृदुलानं सह्यांचा कागद टेबलावर ठेवला.

युनियन झाली. मृदुलाची बढती खरोखरच अडकली. धारपांना आधीच काढलेलं असल्यानं ते युनियनच्या कंपनीशी झालेल्या करारात बसले नाहीत. हे सांगायला ती त्यांच्या घरी गेली.

"या सह्या महिनाभर आधी का नाही गोळा केल्यास?" धारपांनी विचारलं.