आग्याचं देणं

शके अठराशे बावीस. भाद्रपद महिना, गौरी नुकत्याच गेल्या होत्या. नीट ऐका. मध्ये प्रश्न नकोत. झोप आली तर झोपा, मला सांगायला येऊ नका.

घाटाखालच्या एका वाडीत म्हाळू नावाचा लोहार होता. त्या साली पाऊस थांबलाच नाही. नाचणी शेतात कुजली. मग फाळाला धार लावायला कोण येणार? भाता गप्प पडला. घरात बायको ठकू बाळंतीण, पोरगी नऊ दिवसांची. आईच्या पोटात अन्न नाही, तर पोरीला दूध कुठून? पोरगी रडायचीसुद्धा थांबली. रडणारं पोर बरं असतं, बरं का. गप्प झालेल्याची भीती.

मग म्हाळू रानात गेला. टाकळा, कुर्डू, सगळी रानभाजी लोकांनी आधीच खुडून नेलेली. ओढ्याकाठी फक्त आग्या उभा. हिरवागार, पुरुषभर उंच. आग्याच्या पानावर बारीक काटेरी लव असते. हात लागला की आगच आग. गुरंसुद्धा लांबून जातात.

म्हाळूला गर्व. "निखारा उचलणारा हात आहे माझा," म्हणाला, आणि पाला मुठीत धरला.

मग असा ओरडला, की ओढ्यापलीकडे ऐकू गेलं.

आग्या हसला. हो, बोलायचा तो. म्हणाला, "लोहारा, सांडशी कुणासाठी घडवतोस? जावयासाठी?"

मग म्हाळूनं सांडशी आणली. शेंडे खुडले आणि तसेच कच्चे ठकूला दिले. तिची जीभ पोळली.

"अहो, उपाशी मारा, पण असं जाळू नका!"

मग तो तिसऱ्यांदा गेला. मान खाली घालून. "चुकलो. तूच सांग."

"लोखंड कशानं मऊ करतोस? आचेनंच ना? मलाही तसंच कर. पाणी खळखळू दे, मग मला टाक. कोवळे शेंडेच घे. मूळ मात्र राखून ठेव."

तसं केलं. वर मीठ, लसूण. ठकूनं तीन दिवस ती भाजी खाल्ली. चौथ्या दिवशी दूध उतरलं, आणि पोरगी अशी रडली की शेजारीण धावत आली. मग वाडीच आली. म्हाळू सांडशीनं खुडून देई. गुडघे धरलेली भागू म्हातारी आग्याचा काढा पिऊन अंगणापर्यंत चालली.

म्हाळूनं आग्याला हात जोडले. "मी तुझं काय देणं लागतो?"

"मागेन तेव्हा दे."

दसऱ्याला पाटलांच्या सजवलेल्या घोडीचं नाक आग्याला लागलं. घोडी उधळली, पाटील चिखलात. उठून म्हणाले, "उद्या सगळा ओढाकाठ जाळा!"

मग आग्यानं हाक मारली. "लोहारा, आता दे. मला तुझ्या दारी ने. पण मुळाला लोखंड लागलं तर मी जगत नाही."

म्हाळूनं सांडशी खाली ठेवली. बाह्या सारल्या. उघड्या हातांनी माती उकरली. तीन झुडपं मुळासकट काढली, छातीशी धरून घरी आणली आणि भट्टीमागे लावली. तोंडातून शब्द काढला नाही.

तीन दिवस त्याला हातानं घास घेता आला नाही. ठकूनं भरवलं.

चौथ्या दिवशी झुडपाला नवं पान फुटलं.

"लोहारा," आग्या म्हणाला, "फिटलं."