पहिल्यांदा सुई धरणाऱ्यांचे पुस्तक

एका बाजाराच्या गावात सदोबा नावाचा एक पटवेकरी राहत असे. मोती आणि मणी रेशमी दोऱ्यात ओवून दागिने गाठवून द्यायचे, हा त्याचा पिढीजात धंदा. प्रत्येक मोत्यामागे तो एक बारीक गाठ मारी. त्यामुळे दोरा तुटला तरी एखादाच मोती गळे, बाकीचे जागच्या जागी राहत. "पटवेकऱ्याची माळ तुटेल, पण विखरणार नाही," असे तो अभिमानाने म्हणे.

म्हातारपणी सदोबाची नजर गेली. मुलगा एस.टी.त कंडक्टर, त्याचा पाय घरात ठरत नसे. तेव्हा सून वेणू हिनेच दागिने ओवण्याची बैठक चालवायची असे ठरले. सदोबा तिला शिकवायला बसला खरा, पण त्याची सगळी विद्या बोटांत होती. 'असा घ्यायचा, असा ओढायचा' यापलीकडे त्याला काही सांगता येईना, आणि वेणूचे कुठे चुकते ते त्याला दिसेना. गावच्या बायका हळूहळू आपले दागिने तालुक्याला नेऊ लागल्या.

अशात शेजारच्या मालनकाकूंनी आपल्या आजेसासूची मोत्यांची कंठी आणून दिली. मुलीचे लग्न महिन्यावर आले होते आणि कंठीचा दोरा कुजला होता. काकूंना धीर होत नव्हता, तरी जुन्या घरोब्यापायी त्यांनी ती वेणूच्या हातात ठेवली. ही कंठी बिघडली, की बैठक कायमची उठणार, हे वेणूला न सांगताच कळले.

सदोबाने तिला सुचवले, की या कामाची पुस्तके मिळतात म्हणे, एखादे बघून आण.

वेणू तालुक्याला पुस्तकांच्या दुकानात गेली. दुकानदाराने दोन पुस्तके पुढे ठेवली. एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचे. पानापानावर हारांची रंगीत चित्रे. दुसरे पातळ, साध्या कागदाचे. त्यात नुसते हात, सुई आणि दोरा. त्याच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत छापले होते : 'पहिल्यांदा सुई धरणाऱ्यांसाठी'.

वेणूने पातळ पुस्तक चाळले. तिला ते समजत होते. पण शेजारीच गावच्या सोनाराची बायको वह्या घेत उभी होती. पटवेकऱ्याची सून, आणि हातात हे पुस्तक? वेणूने ते पालथे घातले आणि जाडे उचलले.

"ताई, शिकायला हवंय की बघायला?" दुकानदाराने विचारले.

"मला बरंचसं येतं," वेणू म्हणाली आणि तिचे कान तापले.

आठवड्यात परत आणलेत तर बदलून देईन, एवढे म्हणून दुकानदाराने पुस्तक बांधून दिले.

घरी येऊन तिने एक चित्र समोर धरले आणि थेट कंठीच ओवायला घेतली. तीन दिवसांत कंठी हुबेहूब चित्रासारखी झाली. तिने ती हरखून सासऱ्याच्या हातात दिली. सदोबाने बोटे फिरवली. मग दोन्ही टोके धरून सवयीने जरासा हिसका दिला.

टोकाची गाठ सुटली आणि मोती घरभर उधळले. वरून गाठीसारख्या दिसणाऱ्या गाठी एकामागून एक उलगडल्या होत्या.

म्हातारा गुडघ्यांवर बसून चाचपडत मोती शोधू लागला. ते पाहून वेणूला रडू आले. शेवटचा मोती मोरीच्या तोंडाशी सापडला, तेव्हा कुठे दोघांच्या जिवात जीव आला.

"गाठीबद्दल काय लिहिलंय, ते वाच बघू," सदोबा म्हणाला.

वेणूने वाचले, "चित्रात दाखवल्याप्रमाणे गाठ मारावी."

"आणि पुढं?"

"पुढं हार घातलेली बाई आहे, मामंजी."

सदोबाला हसू आले. तेव्हा वेणूने मान खाली घालून दुसऱ्या पुस्तकाची हकीकत सांगितली. ते का आणले नाही, तेही सांगितले.

"पोरी, मी काय सुई घेऊन जन्मलो होतो?" म्हातारा म्हणाला. "पहिल्या वर्षी मी ओवलेलं सगळं माझा बाप संध्याकाळी कातरीनं कापायचा. बाजारपेठेत, लोकांसमोर."

दुसऱ्या दिवशी वेणू सासऱ्याचा हात धरून दुकानात गेली. बाजाराचा दिवस होता, दुकान भरलेले होते. तरी तिने जाडे पुस्तक पुढे ठेवले.

"हे बदलून द्या. पहिल्यांदा सुई धरणाऱ्यांचं द्या."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी," वेणू म्हणाली. या वेळी ती हळू बोलली नाही.

सदोबाने तिथेच एक पान वाचायला सांगितले. ती वाचू लागली, "वळसा सैल ठेवा. त्यातून सुई घाला. सुईच्या टोकाने वळसा सरकवत मोत्याला भिडवा. मग सुई काढून गाठ आवळा."

वाचता वाचता तिने वर पाहिले. म्हाताऱ्याची बोटे हवेत हलत होती. नसलेला दोरा धरून ती गाठ मारत होती.

"हेच," सदोबा म्हणाला. "हेच मला सांगता येत नव्हतं."

वेणूने पंधरा दिवस काचेच्या मण्यांवर हात बसवला. रोज संध्याकाळी ती स्वतःच कातर घेऊन दिवसभराचे ओवलेले कापी. मगच तिने कंठीला हात लावला.

लग्नात नवरीने कंठी घातली. पाया पडताना तिच्या मावशीच्या बांगडीत कंठी अडकली आणि दोरा ताडकन तुटला. मालनकाकूंच्या तोंडचे पाणी पळाले.

"किती पडले?" कोपऱ्यात बसलेल्या सदोबाने विचारले.

वेणूने वाकून मोती उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"एकच, मामंजी."

तेव्हापासून गावचे दागिने पुन्हा सदोबाच्या बैठकीवर येऊ लागले. ते पातळ पुस्तकही तिथेच असते, वेष्टन वर करून, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असे.

तात्पर्य: 'मला येत नाही' हे म्हणायला जो लाजत नाही, त्याच्याच विद्येची गाठ पक्की बसते.