ठकूचं टाकं

खैरवाडीच्या चढणीवर कातळात हे जे टाकं दिसतं, त्यात हंडा बुडत नाही की कळशी बुडत नाही. लहानसा तांब्या तेवढा भरतो. याला ठकूचं टाकं म्हणतात.

फार पूर्वी, असे सांगतात, वाडीचं सगळं पाणी खालच्या नदीवरून यायचं. सगुणा नावाच्या विधवेचा थोरला मुलगा पाणी आणायला गेला आणि डोहात बुडाला. तेव्हापासून धाकट्या ठकूला तिने कसल्याच कामाला हात लावू दिला नाही. पोरीने केरसुणी उचलली की काढून घ्यायची. "तू बस गं बाई उंबऱ्यावर. माझ्या डोळ्यांपुढे राहा."

ठकू बसून राही. वाडीच्या पोरी घोळक्याने शेण गोळा करायला, लाकडं वेचायला, पाण्याला जात. सुरुवातीला त्या तिला हाक मारत, मग मारीनाशा झाल्या. घरात माणसं दोनच. त्यातली एक दिवसभर राबायची आणि दुसरी तिच्याकडे बघत बसायची. "आये, मी या घरची पाहुणी आहे का गं?" असं ठकूने एकदा विचारलं म्हणे. आईने तिच्यापुढे ताट सरकवलं.

एका उन्हाळ्यात सगुणा तापाने फणफणली. वाडी सगळी जत्रेला गेलेली. घरात पाण्याचा थेंब नव्हता. ठकूने तांब्या घेतला आणि एकटीने नदीची वाट धरली. काठोकाठ भरून निघाली. थोडा कमी भरावा, हे तिला सांगणार कोण? चढणीवर पाय घसरला, सगळं पाणी मातीत गेलं. पुन्हा खाली गेली, पुन्हा सांडलं. शेवटी या कातळावर बसून ती हुंदके देऊ लागली. "देवा, आईचं एवढं एक काम तरी माझ्या हातून होऊ दे."

तेव्हा म्हणे कातळ पाझरला.

आईने घोटभर पाणी घेतलं. "गोड आहे गं," म्हणाली. मग म्हणाली, "मीच शिकवायचं होतं तुला." ऊन उतरायच्या आत ती गेली.

ठकू त्या घरात एकटीच म्हातारी झाली. वाडीतलं कुणाचंही लेकरू असो, त्याला पहिलं पाणी भरायला तीच शिकवायची.

आजही खैरवाडीत पोर कळतं झालं की इथून तांब्या भरून घरी नेतं. आई मागून चालते. पाणी सांडलं तरी तिने बोलायचं नाही, हात पुढे करायचा नाही. दारात पोचल्यावर जे उरलं असेल, ते तिने प्यायचं. पुष्कळदा ओठ ओले होण्यापुरतंच असतं.